‘ब्लॅक मसाया’ आणि भुसावळची गच्ची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी रात्री आमच्या गच्चीवर दहा-बारा जण गाणी ऐकायला जमतात. डिअँजेलोचा ‘ब्लॅक मसाया’ हा अल्बम आतापर्यंत तीनदा लावला आणि तिन्ही वेळा दोन तट पडले. एकदा तर चहा तसाच राहिला. नवीन येणारा प्रत्येक जण जिन्यातच तेच प्रश्न विचारायला लागतो, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. मी समीक्षक नाही. पंचवीस वर्षं टेपरेकॉर्डर, डेक आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त केले, आता मोबाइलच्या काचा बदलतो. तेव्हा उत्तरं दुकानदाराची आहेत हे धरून चालावं.

हा डिअँजेलो कोण?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडचा. जन्म १९७४चा, खरं नाव मायकेल यूजीन आर्चर. वडील पेंटेकोस्टल चर्चमध्ये धर्मोपदेशक, त्यामुळे पोरगा चर्चमध्येच पियानोवर बसायला शिकला. १९९५ला ‘ब्राउन शुगर’ आला. जानेवारी २०००मध्ये ‘व्हूडू’ आला आणि तिकडच्या बिलबोर्डच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला, ग्रॅमीही मिळालं. त्यानंतर चौदा वर्षं नवा अल्बम नाही. मग १५ डिसेंबर २०१४ला ‘ब्लॅक मसाया’. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने तो गेला, वय ५१. स्टुडिओत केलेले अल्बम उभ्या आयुष्यात तीन.

त्याच्या गाण्याला सोल म्हणतात, ते नेमकं काय?

देवासाठी तयार झालेला गळा माणसाच्या प्रेमासाठी, विरहासाठी, पोटापाण्याच्या दुःखासाठी वापरला की जे होतं ते. रे चार्ल्स, सॅम कुक, अरेथा फ्रँकलिन ही मोठी नावं. सॅम कुक चर्चच्या गाण्यातला लाडका गायक होता. बाजारातलं गाणं गायलं तर भक्तमंडळी बिघडतील म्हणून त्याने १९५६-५७च्या सुमारास पहिलं तसलं गाणं ‘डेल कुक’ या नावाने काढलं. आवाज लपतो होय? लोकांनी लगेच ओळखला. म्हणजे श्रोत्यांनी रुसून बसणं हे या संगीतात पहिल्या दिवसापासून आहे, आमच्या गच्चीवर ते नव्याने सुरू झालेलं नाही.

चौदा वर्षं तो करत काय होता?

‘व्हूडू’मधल्या एका गाण्याच्या व्हिडिओत तो उघड्या अंगाने उभा आहे, बाकी काही नाही. तो व्हिडिओ इतका गाजला की पुढच्या दौऱ्यात लोक गाणं ऐकायचं सोडून ‘शर्ट काढ’ म्हणून ओरडायला लागले. चार वर्षं स्टुडिओत बसून एकेक ठेका घासूनपुसून तयार करणाऱ्या माणसाला हे किती लागलं असेल! मग दारू, अमली पदार्थ, २००५मध्ये मोटारीचा मोठा अपघात. या सगळ्यात एक चांगली गोष्ट झाली ती म्हणजे त्याने गिटार मनावर घेतली. ‘ब्लॅक मसाया’ पियानोपेक्षा गिटारकडे जास्त झुकतो तो त्यामुळे. जानेवारी २०१२मध्ये तो युरोपात पुन्हा मंचावर आला, पण अल्बमला आणखी जवळपास तीन वर्षं लागली.

मग एकदम डिसेंबरातच का काढला?

खरं तर २०१५मध्ये येणार होता. पण २०१४च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या फर्ग्युसन गावी मायकेल ब्राउन हा अठरा वर्षांचा काळा मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला. नोव्हेंबरच्या शेवटी ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) त्या पोलिसावर खटला चालवायला नकार दिला. लगेच डिसेंबरच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये पोलिसांच्या हातून मेलेल्या एरिक गार्नरच्या बाबतीतही तेच. लोक रस्त्यावर आले आणि डिअँजेलोने अल्बम पुढे ओढला. जाहिरात जवळजवळ नाहीच.

‘मसाया’ म्हणजे तारणहार. नाव वाचून आमच्याकडे एक जण म्हणाला, ‘स्वतःलाच देव समजायला लागला वाटतं.’ तसं नाही. सोबतच्या पुस्तिकेत त्याने लिहिलंय की हे नाव एका माणसाचं नसून सगळ्यांचं आहे. अल्बमवर नावसुद्धा एकट्याचं नाही, ‘डिअँजेलो अँड द व्हॅनगार्ड’ असं आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात लागणार आहे.

शब्दच कळत नाहीत. तुमचे स्पीकर खराब आहेत का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्यांदा अल्बम लावला तेव्हा धुळ्याकडचे आमचे नाना, रेल्वेतून निवृत्त, भजनी मंडळात चाळीस वर्षं, दुसऱ्या मिनिटाला म्हणाले, ‘हाई काय गाणं शे भो? हेड पुसाले पाहिजे!’ मी डिजिटल फाइल वाजवत होतो, त्यात पुसायला हेड कुठून आणू? पण नानांचं अगदी चुकलंही नव्हतं. कॅसेटच्या डेकचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, मळलं की काय होतं ते मी हजारदा पाहिलंय: वरचे सूर आधी जातात, ‘स’ आणि ‘श’ विरघळतात, गाणारा घोंगडी पांघरून गातोय असं वाटतं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हेडवर फिरवला की बोळ्यावर तांबूस-काळी रेघ उमटते आणि गाणारा घोंगडीबाहेर येतो. नानांना हीच घोंगडी ऐकू आली.

आता खरं कारण. या अल्बमची पुस्तिका सांगते की ध्वनिमुद्रण आणि मिश्रण टेपवर, बहुतेक जुन्या यंत्रांवर केलंय, संगणकातलं कुठलंही प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारं सॉफ्टवेअर) वापरलेलं नाही. टेपवर आवाज जोरात घेतला की त्याची टोकं बोथट होतात, कडा गोल होतात. त्याला आम्ही ‘टेप भरली’ म्हणायचो. त्याने आवाजाला ऊब येते आणि थोडी गढूळताही. पण शब्द बुडतात ते केवळ टेपमुळे नाही, टेपवर लताबाईंचे शब्द काय स्पष्ट नाहीत? इथे शब्द बुडवलेत ते ठरवून. डिअँजेलो स्वतःचाच आवाज पुन्हा पुन्हा थरांवर थर देऊन गातो, प्रत्येक थर किंचित वेगळा, आणि ती सगळी मंडळी वाद्यांच्या रांगेत उभी करतो, पुढे नाही. आपल्या कानाला सवय काय? गायक पुढे, वाद्यं मागे. इथे गायक गर्दीत उभा आहे. नाव सगळ्यांचं म्हटल्यावर आवाजही सगळ्यांत मिसळलेला, हे मला तरी सुसंगत वाटतं. पुतण्या म्हणतो, ‘काका, तुम्ही वकिली करताय.’ असेल.

असा गढूळ अल्बम काही पहिलाच नाही. स्लाय स्टोन या अमेरिकन गायकाने १९७१मध्ये ‘देअर्ज अ रायट गोइन ऑन’ काढला तो असाच: एकाच टेपवर इतक्यांदा आवाजावर आवाज चढवले की टेप झिजली, आणि ती झीज ऐकू येते. त्याच्या आधीच्या उत्साही गाण्यांवर नाचणारे लोक तेव्हाही बुचकळ्यात पडले होते. तरी तो पहिल्या क्रमांकावर गेला.

तुमच्या खात्रीसाठी एवढंच सांगतो, स्पीकर ठीक आहेत. डाव्या वूफरचा कोन (म्हणजे थरथरणारा पडदा) मागच्या दिवाळीत बदललाय.

ठेका मागे पडतो. वाजवणारे दमलेत का?

नाही. फार कष्टाने मागे ठेवलाय.

याचं मूळ डेट्रॉइटच्या जे डिला या संगीतकारात आहे. ड्रम वाजवणाऱ्या यंत्रात सगळे ठोके आपोआप ओळीत बसवायची सोय असते. डिला ती बंद ठेवून बोटांनी ठोके मारायचा, त्यामुळे कुठला ठोका केसभर आधी, कुठला केसभर नंतर. क्वेस्टलव्ह या ड्रमवादकाने आणि पिनो पॅलाडिनो या बासवादकाने ‘व्हूडू’च्या वेळी तीच डुलकी हाताने वाजवायला शिकून घेतली. ‘ब्लॅक मसाया’तही ही जोडी आहे, शिवाय ख्रिस डेव्ह आणि जुन्या पिढीतला जेम्स गॅडसन हे ड्रमवादक आहेत. आपल्याकडे अतीत-अनागत म्हणतात ना, समेच्या जरा नंतर किंवा जरा आधी येणं, त्याचाच हा चुलतभाऊ समजा. फरक एवढाच की तिकडे प्रत्येक वाद्य वेगवेगळं मागेपुढे असतं आणि तरी गाडी पडत नाही.

मला स्वतःला हे कळलं ते सावद्याजवळ केळीचा ट्रक भरताना पाहून. बागेतून घड खांद्यावर घेऊन माणसं येतात, फळीवरून वर चढतात, वरचा माणूस घड उतरवून रचतो. खालच्याचं पाऊल पडतं, फळी वाकते, वरचा मुद्दाम क्षणभर थांबतो, फळी परत वर येते आणि त्या उचलीवरच तो घड घेतो. घाई केली तर घड आदळतो, साल काळी पडते आणि व्यापारी भाव पाडतो. तो थांबलेला क्षण म्हणजे ‘शुगा डॅडी’चा ठेका. ड्रमवर गॅडसनच आहे, ज्याने सत्तरच्या दशकात बिल विदर्स या सोल गायकासोबत वाजवलं. ते गाणं लागलं की नानांची मान आपोआप हलते. तोंडाने मात्र ते अजूनही विरोधी पक्षात आहेत.

लोकांचे दोन तट का पडतात? चांगलं ते चांगलं, वाईट ते वाईट, नाही का?

तिकडच्या समीक्षकांनी अल्बम डोक्यावर घेतला. पहिल्या आठवड्यात सुमारे १,१७,००० प्रती खपल्या, यादीत पाचवा क्रमांक मिळाला आणि २०१६च्या सोहळ्यात दोन ग्रॅमी. तेव्हा ‘पडलेला अल्बम’ म्हणू नका. पण श्रोत्यांत नाराजी होती आणि आहे. माझं निरीक्षण असं की तट पडतात ते गाण्याच्या बऱ्यावाईटावर नाहीत. कोणी किती वाट पाहिली, यावर पडतात.

माझंच उदाहरण देतो. २००१च्या आसपास रेल्वे कॉलनीतला एक गिऱ्हाईक ‘व्हूडू’ची सीडी घेऊन आला, कॅसेटवर भरून द्या म्हणाला. अल्बम जवळजवळ ७९ मिनिटांचा, म्हणजे नव्वदची कॅसेट लागणार आणि पंचेचाळीस मिनिटांना गाणं मधेच तोडून बाजू पलटावी लागणार. कुठे तोडावं हे ठरवायला म्हणून मी तो पूर्ण ऐकला. दुकान बंद करून पुन्हा ऐकला. गिऱ्हाइकाची एक कॅसेट भरली आणि माझी एक. (आता कबूल करायला हरकत नाही, ते दुकानच राहिलं नाही.) त्या कॅसेटवर मी चौदा वर्षं काढली. इतकी की आजही मूळ अल्बम ऐकताना माझ्या तोडीच्या जागी मला बाजू पलटल्याची ‘खट्ट’ ऐकू येते.

डिसेंबर २०१४मध्ये नवा अल्बम आल्याचं कळलं. भर थंडीत दुकानातच मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर लावला आणि दुसऱ्या गाण्याला बंद केला. चिडलो होतो. चौदा वर्षं ज्या रेशमी आवाजाची वाट पाहिली तो कुठेय? ही कसली खरखर? रुखवतात मांडलेली ओळखीची भांडी शोधावीत आणि कोणी तिथे नांगर ठेवलेला असावा, तसं झालं.

उलट आमच्या वहिनींनी ‘व्हूडू’ कधी ऐकलेलाच नव्हता. त्या गच्चीवर वाळत घातलेले पापड उचलायला आल्या होत्या. ‘बिट्रे माय हार्ट’ चाललं होतं. पापडांचं सूप कमरेवर तसंच धरून गाणं संपेपर्यंत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘हे बरंय. पुन्हा लावा.’ त्यांची कसलीच अपेक्षा नव्हती, म्हणून त्यांचं काही हिरावलंही गेलं नाही.

आमच्या हिशेबाने, ज्यांनी आधीचे दोन अल्बम ऐकले होते त्यांत नाराज जास्त, ज्यांनी नव्हते ऐकले त्यांत खूश जास्त. अपवाद पुतण्याचा. त्याने तिन्ही एकाच आठवड्यात हेडफोनवर ऐकले आणि ‘मसाया’ सगळ्यात वर ठेवला. पण एका आठवड्यात ऐकणाऱ्याला चौदा वर्षं कशी कळणार?

इंग्रजी येत नाही. गच्चीवर येऊन उपयोग काय?

तुम्ही निम्मी लढाई जिंकलेली आहे. अमेरिकनांनाही पुस्तिका उघडल्याशिवाय शब्द कळत नव्हते.

श्रावणात कानबाई, आमची खानदेशी देवी, बसते तेव्हाची रात्र आठवा. बायका रात्रभर गातात, दहा जणींचे दहा गळे, एक ओळ सुरू होते तोवर दुसरीकडे मागची संपत असते. ओसरीबाहेर उभं राहिलं तर सुटा शब्द हाती लागत नाही. पण काय चाललंय हे न कळणारा माणूस अख्ख्या खानदेशात सापडणार नाही. ‘प्रेअर’ आणि ‘द शरेड’ तसे ऐका. ‘द शरेड’चं सार मात्र सांगून ठेवतो: आम्हाला बोलू द्या एवढंच मागत होतो, आणि हाती आली ती मेलेल्यांभोवती काढलेली खडूची रेघ.

असं आपल्याकडे कधी झालंय का?

झालंय, आणि फार लांब नाही. भुसावळहून बऱ्हाणपूर, खंडवा, इंदूर करत गेलं की देवास. कुमार गंधर्व तिथे राहिले. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन त्यांनी लोकांना थक्क केलं होतं. ऐन उमेदीत क्षयाने गाठलं, डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं, आणि पाच-सहा वर्षं ते अंथरुणावर माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी नुसती ऐकत राहिले. परतले तेव्हा गाणं बदललं होतं: तान तोकडी, आवाजाची एकदम फेक, मधे शांतता, आणि रागांत लोकगीतांचा वास. काही जण वेडे झाले, काही जण म्हणाले घराणं मोडलं. तो वाद अजून मिटलेला नाही.

दोघांना एका पंगतीत बसवतोय असं नाही. कुमारांना गाणं बंद करायला आजाराने लावलं, डिअँजेलोला लावलं त्याच्या स्वतःच्या रूपाने. पण ‘आमचा गवय्या आम्हाला होता तसा परत द्या’ ही मागणी दोन्हीकडे एकच.

‘१००० डेथ्स’ वगळून ऐकलं तर चालेल का?

हे अल्बमातलं दुसरं गाणं आणि आमच्याकडचं सगळ्यात मोठं भांडण. सुरुवातीला भाषणांचे तुकडे आहेत, त्यात काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचा शिकागोचा नेता फ्रेड हॅम्प्टन आहे, जो १९६९मध्ये पोलिसांच्या छाप्यात एकविसाव्या वर्षी मारला गेला. मग गिटार आणि ड्रमचा असा गलका उठतो की डिअँजेलोचा आवाज जत्रेतल्या फाटक्या कर्ण्यातून आल्यासारखा वाटतो. लढाईला निघालेल्या माणसाची भीती त्यात आहे, हे मला मान्य आहे. गाणं तिथेच हवं, हेही मान्य. आवडतं का? नाही. दहा वर्षं झाली, अजून नाही.

पुतण्याचं म्हणणं, हे वगळून पुढे गेलात तर ‘रिअली लव्ह’ नुसतं गोड लागतं, त्याची किंमत कळत नाही. मला हे पटतं आणि तरी हात बटणाकडे जातो.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने सुरुवात कुठून करावी?

‘रिअली लव्ह’. आधी एक बाई स्पॅनिशमध्ये कुजबुजते, मग तंतुवाद्यं, मग गिटार, आणि ठेका येतो तोवर तुम्ही खुर्चीत खाली सरकलेले असता. त्यानंतर ‘द डोअर’, ज्यात शिट्टी आहे आणि कोणीतरी ओट्यावर बसून सहज गातंय असं वाटतं. मग शेवटचं ‘अनदर लाइफ’, त्यात सतारीसारखा झंकार येतो. तो आला की गच्चीवर एक तरी जण विजयी मुद्रेने इकडेतिकडे बघतो, जणू सतार त्याच्या घरची आहे. हे झालं की सगळा अल्बम ओळीने, छप्पन मिनिटांत होतो.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. माझी काही वर्षं त्यात फुकट गेली.

असंच आणखी काही?

गिल स्कॉट-हेरनचा २०१०चा ‘आयम न्यू हिअर’: सोळा वर्षांनी आलेला, जेमतेम अर्ध्या तासाचा, म्हाताऱ्या खरखरीत आवाजाखाली यंत्रांचा घुमारा. आणि बॉबी वोमॅकचा २०१२चा ‘द ब्रेव्हेस्ट मॅन इन द युनिव्हर्स’. दोन्हींची निर्मिती रिचर्ड रसेलची, वोमॅकच्या वेळी सोबत डेमन अल्बर्न. तिथेही जुने चाहते म्हणाले, आवाज सोन्याचा आहे पण दागिना कसला घडवलाय! जळगावच्या सराफ बाजारात वाढलेल्या आमच्या एका मित्राने यावर उत्तर दिलं होतं, पण ते लिहिण्यासारखं नाही.

येताना काय आणावं, काय आणू नये?

खुर्ची आपली आपण. एप्रिल-मेमध्ये रात्री दहानंतर या, त्याआधी स्लॅबवर पाय ठेवता येत नाही. थंडीत भरीत-कळण्याची भाकरी आमच्याकडून, पण ऐकून झाल्यावर. ऐकताना शेव-मुरमुरे बंद. एकदा ‘रिअली लव्ह’च्या कुजबुजीत कोणाच्या तरी दाढेखाली शेव गेली आणि त्या बाईंचं अर्धं स्पॅनिश बुडालं. मालगाडीच्या भोंग्यावर आमचा इलाज नाही.

दुसऱ्या गाण्याचं शेवटी काय ठरलं?

दर वेळी हात वर करून मत घेतो. मागच्या वेळी वगळायच्या बाजूने पाच, वाजवायच्या बाजूने सहा. नाना वाजवायच्या बाजूने होते. का, विचारलं तर म्हणाले, ‘वाजू दे. भांडाले काहीतरी पाहिजे ना.’ मी पाचांत होतो.